सव्वा मूठ

सुवर्णा : म्हणजे माझ्या मनात काय चाललंय ते याला कळणार?

गायत्री : नाही कळणार, ताई. पुन्हा पुन्हा तेच विचारते आहेस. याला फक्त घाम कळतो. बोटांच्या टोकांना किती घाम आला, तेवढाच.

सुवर्णा : घाम तर या सुरतेत म्हशीलाही येतो. त्याला डबा कशाला लागतो?

गायत्री : उकाड्याचा घाम वेगळा. मनात काही आलं की बोटांना जो येतो तो इतका बारीक असतो की आपल्याला जाणवतही नाही. हात मांडीवर ठेव. असा, उताणा. बोटं हलवायची नाहीत, नाहीतर डब्यावरचा काटा उगाच उडतो.

सुवर्णा : करंट बसला म्हणजे?

गायत्री : आत टॉर्चसारखी बॅटरी आहे. या करंटने झुरळसुद्धा मरणार नाही. आमच्या लॅबचे मिस्त्री आहेत ना मगनभाई, त्यांनी स्वतःच्या हाताला लावून बघितलंय.

सुवर्णा : मगनभाईला कसली काळजी? त्याला जाऊ नाही.

गायत्री : बघ, काटा हलला. मी अजून काही विचारलंही नाही.

सुवर्णा : हलू दे. पण एवढ्या मोठ्या शहरात तुझ्या कॉलेजला दुसरी बाई मिळाली नाही का? उधन्याला बहिणीच्या खोलीवरच यायचं होतं?

गायत्री : मॅडमना अशा बायका हव्यात ज्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहते. झोपायला जावं तरी तीच, भांडी घासावीत तरी तीच. मी म्हटलं, एक बाई माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

सुवर्णा : जळो तुझ्या मॅडम. आपल्या आईनं तुला शिकवलं, मला सातवीत उठवून उजवलं, ते यासाठीच. तू डबा घेऊन येणार आणि मी बोटं पुढे करणार.

गायत्री : आता तेही काढायचं आहे का आज?

सुवर्णा : नको. आज एकच पुरे आहे.

गायत्री : मग ते एकच सांग. उद्या श्रावणातला रविवार, उद्या कानबाई देवी बसणार. तू कामरेजला जावेकडे निरोप पाठवलास की ताप आहे, येत नाही. ताप तर नाही.

सुवर्णा : आतून आहे.

गायत्री : वाल्मिकभाऊजी काय म्हणाले?

सुवर्णा : ते काय म्हणणार? कापडाच्या खात्यातून आले, जेवले, झोपले. म्हणे, भाऊबंदकीतल्या प्रसादाचे रोट आहेत, सुवर्णा, घरातलं माणूस आलं नाही तर बोभाटा होतो. मी म्हटलं, होऊ दे. तुमच्या आईला मोकळी जागा हवी होती ना, माझ्या वाटणीचीही मोकळी झाली.

गायत्री : बघ, आता किती वर गेला.

सुवर्णा : किती?

गायत्री : मघाशी विशीत होता, आता पन्नाशी ओलांडली. कुठलं वाक्य आहे ते? ‘मोकळी जागा’ हे त्यावरूनच ना?

सुवर्णा : तुला सांगितलं नव्हतं का?

गायत्री : सांगितलं होतंस. आज काट्यासमोर सांग.

सुवर्णा : धाकट्या जावेच्या, सोनालीच्या नव्या घराची वास्तू होती, होळीनंतर. रो-हाऊस. खाली हॉल, वर दोन खोल्या, फरशी अशी की तोंड दिसावं. आत्याबाई, यांच्या आई, हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. सगळे होते, दिरांचे, धर्मेंद्रभाऊंचे, मार्केटातले शेठ होते. आणि म्हणाल्या, ‘इतकी वर्षं आमची कानबाई अंग चोरून बसायची. आता पाय पसरून बसेल.’

गायत्री : मग?

सुवर्णा : मग काय? सगळे हसले. मीही हसले. पेढ्याचं ताट माझ्याच हातात होतं.

गायत्री : एवढंच?

सुवर्णा : एवढंच? अंग चोरून बसायची! माझ्या खोलीत. ज्या खोलीत मी आदल्या दिवशी चुना मारायची, पलंग बाहेर गल्लीत काढायची, आम्ही सगळे दोन रात्री जिन्यात झोपायचो, देवीला जागा व्हावी म्हणून. प्लेगच्या वर्षी अर्धी सुरत गावाला पळाली, तेव्हा पेटीत कपडे नाही घेतले, आधी देवीचा नारळ घेतला पदरात. आणि माझ्या घरात ती अंग चोरून बसायची!

गायत्री : आवाज हळू. शेजारी ऐकतील.

सुवर्णा : खालचे कापड विणायचे सांचे चालू आहेत, कोणाला ऐकू येतंय? माले सांग, मी काय चुकनू?

गायत्री : काही चुकली नाहीस. श्वास घे. आता असं कर, ते वाक्य बाजूला सार. त्याचा विचारच करू नकोस. मी घड्याळ लावते.

सुवर्णा : नाही करत. नाही करत म्हटलं ना.

गायत्री : मी काहीच बोलले नाही. बघ स्वतःच.

सुवर्णा : वं माय! हा तर आणखी वर चढला. मी तर त्याला ढकलत होते.

गायत्री : म्हणूनच चढला. ज्यांना उगाळायची सवय असते त्यांचं असंच होतं. ढकलायचं म्हटलं की आधी ते कुठे आहे हे बघावं लागतं. बघितलं की ते पुन्हा समोर येतं.

सुवर्णा : मग इतर लोक कसे विसरतात?

गायत्री : विसरत नाहीत. त्यांचा काटा उतरतो, इतकंच. हे बघ, मेंदूच्या आत, कानाच्या रेषेत खोलवर, बदामाएवढा एक भाग आहे. धोका दिसला, अपमान झाला, की तो आधी ओरडतो. कपाळामागचा जो भाग आहे तो त्याला सांगतो, ऐकलं तुझं, आता गप्प बस. बहुतेकांचा बदाम थोड्या वेळाने गप्प बसतो. तुझ्यासारख्यांचा ओरडतच राहतो. बोलणारा माणूस घरी जाऊन जेवून झोपला, तरी हा ओरडतोय.

सुवर्णा : म्हणजे माझं कपाळच कमजोर.

गायत्री : उलट. मॅडमना वाटतं, ते जास्तच राबतं. पण गप्प करण्याऐवजी तेही त्याच गोष्टीची चौकशी करत बसतं. असं का म्हणाल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या का, मी हसले ते कोणी पाहिलं का. परदेशात आता अशी यंत्रं आली आहेत, माणूस विचार करत असताना डोक्यात कुठे जास्त रक्त जातंय त्याची चित्रं निघतात. आपल्याकडे मगनभाईंचा डबा.

सुवर्णा : एक सांगू? बाण्याचा दोरा तुटला तर सांचा आपोआप थांबतो. त्याला तशी कळ असते. तुझे भाऊजी सांगतात, ती कळ बिघडली की धोटा रिकामाच खटखट फिरत राहतो. आवाज तोच, वीज तेवढीच, कापड मात्र वीतभरही होत नाही.

गायत्री : हे मी मॅडमना सांगेन.

सुवर्णा : सांग. माझं नाव सांगू नकोस. आता सोड हे.

गायत्री : अजून एक राहिलं. तीच गोष्ट पुन्हा सांगायची, पण दुसऱ्या कुठल्या बाईची म्हणून. ‘मी’ म्हणायचं नाही, ‘माझं’ म्हणायचं नाही. गल्लीच्या टोकाला उभं राहून तिच्या घरात बघते आहेस असं समज.

सुवर्णा : हे काय नाटक?

गायत्री : प्रयोग आहे.

सुवर्णा : बरं. एक बाई होती. उधन्याला राहायची. खोली एकच, पण ती बाई स्वच्छ होती. हे लिहून घे.

गायत्री : घेतलं.

सुवर्णा : दर श्रावणात तिच्याकडे कानबाई बसायची. रोटाचा गहू तीच मोजायची, थोरली म्हणून. सूप मांडीवर घ्यायची, आणि घरातल्या एकेका पुरुषमाणसाच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ. तोंडातल्या तोंडात नाव घ्यायचं, मूठ टाकायची. आधी नवऱ्याचं. मग दिराचं. मग दिराच्या मोठ्या पोराचं, मग धाकट्या पोराचं.

गायत्री : मग?

सुवर्णा : मग काय? संपलं. जावेकडच्या तीन, तिच्याकडची एक. तिला दोन पोरी. त्यांची मूठ नसते.

गायत्री : काटा उतरतोय, ताई.

सुवर्णा : उतरू दे. ती बाई काय करायची माहीत आहे? जावेच्या पोरांच्या नावाची मूठ मुद्दाम गच्च भरायची, दाणे सांडेपर्यंत. उद्या त्या पोरांना काही दुखलं-खुपलं तर कोणी म्हणू नये, थोरलीनं हात आखडता घेतला. आणि तिच्या पोरी समोरच बसलेल्या असायच्या. लहानी एकदा म्हणाली, मम्मी, माझी कुठली? ती म्हणाली, तू मोजायची नसतेस गं, तू नुसतं खायचं असतं. पोरगी हसली. त्या बाईला...

गायत्री : बोल.

सुवर्णा : त्या बाईला जावेचा हॉल नको होता, गायत्री. फरशी नको होती. सूप हातात होतं तोवर ती मोजणारी होती. ज्याला मोजायचं काम असतं त्याला कोणी विचारत नाही, तुझ्याकडचे किती. आता सूपही तिकडे गेलं. आता ती नुसती एका मुठीची बाई.

(दारावर थाप.)

सोनाली : भाभी! ओ भाभी! दार उघडा ने, हातात सामान आहे.

सुवर्णा : ही इथे कशी? काढ, काढ हे बोटाचं.

गायत्री : थांब, ओढू नकोस, तार तुटेल. मगनभाई मला उभं करणार नाहीत. हात पदराखाली घे. दार मी उघडते. ये, सोनाली.

सोनाली : अरे, गायत्रीबेन तुम्ही पण? चालो, बरं झालं. भाभी, ताप आहे म्हणून निरोप आला, माझा जीवच उडाला. दोन नारळपाणी घेऊन आले. कामरेजवरून रिक्षा, मग बस, मग परत रिक्षा. बघू कपाळ. हे तर थंडगार आहे!

सुवर्णा : उतरला आताच. गोळी घेतली.

सोनाली : सारू, सारू. मग येता येईल ने उद्या.

सुवर्णा : नाही. अंगात ताकद नाही. तू बस. गायत्री, तिला पाणी दे.

सोनाली : आणि हे बोटाला काय बांधलंय?

गायत्री : आमच्या कॉलेजचं आहे. बीपीसारखंच.

सोनाली : आणि या डब्यावर टॉवेल का टाकलाय?

गायत्री : धूळ बसते.

सोनाली : बरं. भाभी, मम्मीने नथ मागितलीय. देवीची. तुमच्या पेटीत आहे म्हणाली.

सुवर्णा : माझ्या पेटीत नाही तर कुठे असणार? इतकी वर्षं तिथेच आहे. हो, घेऊन जा. आता देवीच तिकडे आहे, नथ इथे ठेवून मी काय करू? गायत्री, किल्ली फळीवर आहे.

सोनाली : तसं नाही, भाभी. मम्मी म्हणाली, नथ मोठीनेच आणावी आणि मोठीनेच घालावी.

सुवर्णा : आत्याबाई असं म्हणाल्या?

सोनाली : हां. पण मी नथीसाठी नाही आले. नथीसाठी मी धर्मेंद्रला पाठवलं असतं. मी... भाभी, माझ्याकडून मोठा गोटाळा झालाय.

सुवर्णा : काय केलंस?

सोनाली : आधी वचन द्या, ओरडणार नाही.

सुवर्णा : मी कधी ओरडले तुझ्यावर?

सोनाली : ओरडत नाही तेच तर. तुम्ही ओरडत नाही, नुसत्या बघता. ओरडलेलं परवडलं.

सुवर्णा : बोल आता.

सोनाली : काल मम्मीने सूप माझ्याकडे दिलं. म्हणाली, या वर्षी घर तुझं, गहू तू मोज. मी अंघोळ करून बसले, सगळं नीट केलं. चक्की धुऊन घेतली, दळून आणलं. आज सकाळी मम्मी पीठ बघते तर म्हणते, इतकं कसं झालं? किती नावं घेतलीस? मी सांगितली. तर एकदम गरम झाली.

सुवर्णा : किती घेतलीस?

सोनाली : जेवढी आहेत तेवढी. वाल्मिकभाई, धर्मेंद्र, नितीन, चिंटू, हर्षा, दीपाली.

गायत्री : ताई...

सुवर्णा : तू डब्याकडे बघू नकोस. परत सांग, सोनाली. कोणाकोणाची?

सोनाली : हर्षाची आणि दीपालीची पण, तुमच्या दोन्ही पोरींची. मला काय माहीत, भाभी! तुम्ही मोजायच्या तेव्हा तोंडातल्या तोंडात नावं घ्यायच्या, मला कधी ऐकूच आलं नाही. मी तर चुलीजवळ असायची. आमच्याकडे बारडोलीला माझ्या आजीपासून कानबाई सुटली, पपा साखर कारखान्यात लागले ने, तिथे कोण करणार? मला वाटलं मोठ्यांची आणि पोरांची घालतात. पोरांची म्हणजे सगळ्याच पोरांची. नितीनची घातली आणि हर्षाची नाही घालायची, असं कसं मनात येईल? ती तर त्याच्यापेक्षा मोठी आहे. बघा, परत नुसत्या बघता.

गायत्री : मग आत्याबाई काय म्हणाल्या?

सोनाली : म्हणाली, मुठी मोजून पीठ झालं, आता त्यातून काढता येत नाही. बाहेर कोणाला देता येत नाही, फेकता तर नाहीच. घरातल्यांनीच संपवायचं. आणि पोरी तर उद्या दुसऱ्याच्या कुळात जाणार, त्यांच्या नावाचा रोट या कुळात केला तर देवीला चालेल की नाही, हे तिलाही माहीत नाही. म्हणाली, मोठीला विचारून ये. रीत तिला माहीत आहे, मला नाही तेवढी.

सुवर्णा : तू मुद्दाम केलंस?

सोनाली : देवीची शपथ, नाही.

सुवर्णा : मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं.

सोनाली : का?

सुवर्णा : चिडायला जागा राहिली असती. मला खिजवायला केलंस, मोठेपणा मिरवायला केलंस, असं म्हणून वर्षभर काढलं असतं मी. आता काय करू?

सोनाली : मला समजलं नाही, भाभी.

सुवर्णा : तुला नाही समजणार. तुझा लगेच उतरतो.

सोनाली : काय उतरतो?

सुवर्णा : काही नाही. सोनाली, इतकी वर्षं सूप माझ्या मांडीवर होतं. पोरी माझ्या. दोघी समोर बसायच्या. माझ्या हाताला हे का नाही सुचलं? तुझ्या हाताला पहिल्याच वर्षी, न कळता... एवढंही माझ्याआधी तूच करायचं होतं का?

सोनाली : मी चूक केली ने?

सुवर्णा : हो. तुझ्याकडून झालेली चूकसुद्धा माझ्यापेक्षा देखणी निघते.

सोनाली : असं नका बोलू. तुम्हाला माहीत नाही त्या हॉलमध्ये काय चालतं. दोन दिवस झाले मम्मी आलीय. मी रांगोळी काढली, तर मोठी ठिपक्यांची काढते. मी भाजीला गंगाफळ चिरलं, तर मोठी अशा फोडी करत नाही. मूठ टाकली तर म्हणाली, तुझी मूठ बघ, चिमणीची, मोठीची मूठ म्हणजे मूठ. घर माझं, भाभी, हप्ते धर्मेंद्रचे, आणि त्या घरात दिवसभर नाव तुमचं. माझ्या मनात आलं, या आल्याच नाहीत तर बरं. खरं सांगते. निरोप आला तेव्हा पहिल्यांदा बरंच वाटलं.

सुवर्णा : मग आलीस कशाला?

सोनाली : पीठ जास्त झालं ने.

गायत्री : ताई हसते आहे.

सुवर्णा : हसत नाहीये. पाणी दे मला. सोनाली, एक विचारू? वास्तूच्या दिवशी आत्याबाई तुझ्या हॉलमध्ये उभ्या राहून कानबाईबद्दल काहीतरी म्हणाल्या होत्या. आठवतं?

सोनाली : वास्तूला? काय म्हणाल्या?

सुवर्णा : देवी अंग चोरून... सगळे हसले होते.

सोनाली : नाही आठवत. त्या दिवशी गॅस संपला होता, मी आत रडत होते. का, काही खास होतं?

सुवर्णा : नाही. खास नव्हतं.

गायत्री : तुझ्याशिवाय ते कुणाच्याच लक्षात नाही, ताई.

सुवर्णा : तू गप्प बस. तुझा प्रयोग झाला.

सोनाली : मग मम्मीला काय सांगू? पिठाचं?

सुवर्णा : सांग, पोरी ज्या घरचं मीठ खातात त्या घरचा रोट खातात. खाणाऱ्याच्या नावानं मूठ घातली तर कानबाई उठून जात नाही. ती स्वतः बाईच आहे, तिच्या नावाची मूठ कोणी घातली होती?

सोनाली : हे मी सांगितलं तर मम्मी मला घराबाहेर काढेल.

सुवर्णा : तू नको सांगू. तुझ्या तोंडून ऐकायचं नाही मला ते. मी सांगेन.

सोनाली : म्हणजे येणार?

सुवर्णा : एवढ्या पिठाचे रोट तुला मळता येणार आहेत का? पाणी जास्त घालशील, सगळं पसरेल. पोरी ट्यूशनहून आल्या की निघू. यांना खात्यात निरोप ठेवते, ते सुट्टी झाली की तिकडेच येतील. आणि ऐक, एक गोष्ट आत्ताच ठरवून घे.

सोनाली : बोला.

सुवर्णा : देवी तुझ्याकडेच बसू दे. हॉल आहे, बसू दे पाय पसरून. पण पुढच्या वर्षी सूप माझ्याकडे. हर्षा-दीपालीची मूठ मी भरणार. तू नाही.

सोनाली : आणि नितीन-चिंटूची?

सुवर्णा : तीही मीच भरते ना इतकी वर्षं? कमी भरली कधी?

सोनाली : नाही. उलट सांडायची. मला वाटायचं, तुमचा हातच मोठा.

सुवर्णा : हात तेवढाच आहे. जा, नाक्यावर रिक्षा बघ. कामरेजपर्यंत थेट येतो का विचार. मराठीत नको विचारू, जास्त सांगतो.

सोनाली : गुजरातीतच विचारते ने! गायत्रीबेन, तुम्ही पण चला. गाणी आहेत रात्रभर, फुगड्या आहेत.

गायत्री : मला रोट चालत नाही. मी तुमच्या कुळातली नाही.

सोनाली : रोट नका खाऊ. खीर खा, पुरणपोळी खा. रोटाचं पीठ तर तसंही भाभीच्या पोरी संपवणार. आलेच मी.

गायत्री : गेली.

सुवर्णा : तिनं ओठांना काय लावलं होतं पाहिलंस? एवढ्या उन्हातून आली, तरी तसंच. माझा पदरही धड राहत नाही.

गायत्री : ताई!

सुवर्णा : काय ताई? तू म्हणालीस ना, विसरत नाही कोणी. मी काय एका दुपारीत देवी होणार आहे?

गायत्री : मी काही म्हटलं नाही. टॉवेल काढते आहे.

सुवर्णा : कुठे आहे?

गायत्री : तिने पोरींची नावं घेतली तेव्हा टोकाला गेला होता. पार टोकाला, टॉवेलखालून आवाज आला खिळ्यावर आपटल्याचा.

सुवर्णा : मला वाटलं सांच्याचा आवाज.

गायत्री : त्याआधी तू त्या दुसऱ्या बाईची गोष्ट सांगत होतीस, तेव्हा किती छान उतरला होता. मॅडमना तेच हवं होतं.

सुवर्णा : मग तेवढंच लिही. पुढचं लिहू नकोस.

गायत्री : पुढचंही लिहावं लागेल.

सुवर्णा : लिही मग. सोड आता हे बोटाचं. नथ काढायची आहे पेटीतून, राखेनं पुसायची आहे, काळी पडली असेल.

गायत्री : थोडं थांब ना. अजून काटा खाली आलेला नाही. सगळ्यांचा खाली आल्यावरच मी सोडते.

सुवर्णा : त्याला बसू दे इथेच वर. मी जाऊन येते.